गुणी लेकरू

डॉक्टरांना झोप लागायची ती बाळं रडत असताना. दुपारी बाहेरचे पेशंट संपले की ते आपली वेताची खुर्ची उचलून आतल्या खोलीत यायचे. जे बाळ सगळ्यात मोठ्यानं टाहो फोडत असेल त्याच्या पाळण्यापासून थोड्या अंतरावर खुर्ची मांडायचे, पाय लांब करायचे आणि बघता बघता घोरायला लागायचे. मग एखादं बाळ दमायचं, एखादं आईच्या पदराखाली शिरायचं आणि खोलीत शांतता पसरायची. तेवढ्यात डॉक्टर दचकून जागे.

"काय झालं? गप का झाली सगळी?"

उठून ते प्रत्येक पाळण्यापाशी जायचे. बोटं उलटी करून हाताच्या पाठीनं बाळाचं पोट बघायचे, मग तळपाय बघायचे, आणि पुटपुटत पुढच्याकडे सरकायचे. कुणीतरी पुन्हा सूर लावला की स्वारी परत खुर्चीत. "हे गाणं चालू हाय तवर मला काळजी न्हाय," असं म्हणत डोळे मिटायचे. बाळंतिणी तोंडाला पदर लावून हसायच्या. रडणाऱ्या पोराला उचलून बाहेर न्या म्हणणारे पुरुष त्यांनी जन्मभर पाहिलेले. त्याला अंगाई समजणारा हा एकच.

निपाणीतला त्यांचा लहान मुलांचा दवाखाना वखारींच्या रस्त्यावर होता. तंबाखूचा हंगाम आला की सगळ्या गल्लीवर तो उग्र, गोडसर वास तरंगत राहायचा. दुपारच्या उन्हात पडदे ओढलेले असायचे, आत हिरवट उजेड, बाहेर लांबवर हायवेवरच्या गाड्यांची घरघर, आणि मधोमध तोंड उघडं टाकून झोपलेले डॉक्टर. नर्सिंगचं शिक्षण संपवून मी तिथं पहिली नोकरी धरली. आज बेळगावात मोठ्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या विभागातच काम करते. तिथं यंत्रं आहेत, पडद्यावर हिरव्या रेघा धावतात. पण निपाणीचे ते दिवस आठवले की मला आपण ते सगळं दुपारच्या डुलकीत पाहिलं की काय असं वाटतं.

मला ते पहिल्या दिवसापासून 'जांबोटी' म्हणायचे, कारण मी जांबोटीची. माझ्या आधीपासून तिथं काम करणाऱ्या आयाबाई होत्या 'बोरगाव'. माणसाचं नाव लक्षात राहत नाही, गाव राहतं, असं त्यांचं म्हणणं. "बोरगाव, जांबोटीला च्या दे," असं ते ओरडले की नवख्या माणसाला आपण बसस्टँडवर उभे आहोत असं वाटायचं.

दवाखान्याच्या दारात, चपला काढायच्या जागेच्याही आधी, एक बेसिन होतं. शेजारी खिळ्याला जाळीच्या पिशवीत साबण टांगलेला. आत येणाऱ्या प्रत्येकानं कोपरापर्यंत हात धुवायचे हा नियम. पोस्टमननं धुवायचे, लाइटबिल घेऊन येणाऱ्यानं धुवायचे, देवीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांनीही धुवायचे. वर्गणी मिळायची, पण ओल्या हातात. धुतल्यावर हात पुसायचे नाहीत, वर धरून वाळवायचे. त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखी दिसायची.

एकदा गावातले एक पुढारी नातू झाला म्हणून पेढे घेऊन आले. बेसिनकडे त्यांनी पाहिलंही नाही. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात प्रेमानं आपल्या हातात घेतले, नाकाशी नेले आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"मोटरसायकल," ते म्हणाले, "आणि चुना. आणि सकाळी मटण कापून आणलायसा."

पुढारी वरमले. "नातवालाच बघायला आलोय की, डॉक्टर."

"मग? नातवानं तुमचं काय वाकडं केलंय?"

पण बिडी वळणाऱ्या बायका आल्या की हाच माणूस वेगळा. त्यांच्या बोटांना तंबाखूचा पिवळेपणा कायमचा बसलेला. बेसिनपाशी त्या संकोचून उभ्या राहायच्या. त्यांना डॉक्टर बेसिनवर धुवायला लावत नसत. बोरगावकडून तांब्या घ्यायचे आणि पंगतीला बसणाऱ्याच्या हातावर घालावं तसं स्वतः त्यांच्या हातावर पाणी घालायचे. बायका म्हणायच्या, "अवो डॉक्टर, ऱ्हाऊ द्या की, आमी घेतो." ते म्हणायचे, "आज तुमच्या घरात पाव्हणं आलंय. मान तुमचा हाय."

'पाव्हणं' म्हणजे नवं जन्मलेलं मूल. ते बाळ हा शब्द क्वचितच वापरायचे. त्यांचं मत असं, की पहिला महिनाभर मूल आपलं नसतंच. ते उंबऱ्यावर बसून घर न्याहाळत असतं. आवडलं तर राहतं, नाहीतर उठून चालू लागतं. म्हणून त्याची नीट विचारपूस करायची, आणि ऊठसूट त्याला हाताळायचं नाही. "आल्या आल्या पाव्हण्याच्या गालाला कुणी हात लावतंय व्हय?" असं ते सासूबाईंना विचारायचे. मुका घ्यायचाच झाला तर पायाचा घ्या. मध नको, गुटी नको, घरच्या गाईचं दूध नको, नाळेला तेल-हळद-राख काही नको. आईचं दूध आणि कोरडी ऊब, एवढाच पाहुणचार.

आईची चौकशीही याच भाषेत चालायची. कन्नड बोलणारी असेल तर कन्नडमध्ये, पण मजकूर तोच. "पाव्हणं वेळेवर आलं, का घाईनं आदल्या गाडीनं आलं?" म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलं का. "सामान हलकं हाय वाटतं," म्हणजे वजन कमी. "वाट बघताना घरात कुणाला ताप आलता?" म्हणजे कळा यायच्या सुमारास आईला ताप होता का. "आधीचं एखादं पाव्हणं आजारी पडलं हुतं?" आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "दार किती वेळ उघडं हुतं गं?" म्हणजे गर्भाभोवतीचं पाणी गेल्यापासून मूल जन्मेपर्यंत किती काळ लोटला. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लांबलं की त्यांचा विनोद तिथंच संपायचा. "उघड्या दारातनं पाव्हण्याबरूबर आणखी कोणबी आत येतंय, जांबोटी," असं मला म्हणायचे, आणि त्या बाळाचा पाळणा आपल्या खुर्चीशेजारी ओढून घ्यायचे.

कपड्यांचंही तेच. मनगटावर काही टेकता कामा नये म्हणून त्यांचे सगळे शर्ट अर्ध्या बाह्यांचे. मुलाच्या लग्नात बायकोनं हट्टानं सूट शिवून घेतला. यांनी आदल्या दिवशी शिंप्याकडे जाऊन कोटाच्या बाह्या कोपरापाशी कापून आणल्या. लग्नाच्या फोटोत टाय लावलेले, बाह्या कापलेले डॉक्टर छाती काढून उभे आहेत आणि शेजारी बायकोनं मान दुसरीकडे वळवली आहे. तो फोटो त्यांनी दवाखान्यात लावला होता.

एका शब्दाचा मात्र त्यांना राग होता, आणि तो शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे. कुणी आजी नातवाला घेऊन आली आणि म्हणाली, "लई गुणी लेकरू हाय बगा, आवाज म्हणून न्हाय," की डॉक्टर समोरचा चहा सोडून उठायचे. रडणाऱ्या मुलांना रांगेत थांबवतील, पण गुणी मूल आधी आत. मला हे सुरुवातीला चमत्कारिक वाटायचं. एकदा विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा मलाबी एक लेकरू लई गुणी वाटलं हुतं." मग त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या लेकराचं काय झालं ते बोरगावबाईंना माहीत असावं, पण त्या भांडी आपटत आत निघून गेल्या.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मार्गशीर्ष होता. आमच्या जांबोटीत त्या दिवसांत सकाळी धुकं इतकं उतरतं की गोठ्यातली म्हैस हंबरते तेव्हाच ती आहे हे कळतं. भाताची मळणी चालू, सगळं घर खळ्यावर. मुलगी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात, थोडी दिवसांआधीच. मायलेकी घरी आल्या आणि पाचवीला मी रजा घेऊन गेले.

माजघरात अंधूक उजेड होता. शेगडीचा धूर छपराशी रेंगाळत होता आणि भोवती शेजारच्या बायका बसल्या होत्या. पाट मांडलेला, त्यावर कोरा कागद आणि लेखणी. पाचवीला सटवाई येते आणि मुलाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी ही तयारी. मी डॉक्टरांच्या हाताखालची, त्यामुळे आधी परसात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. बायका हसल्या. मग एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "लई गुणी लेकरू हाय गं तुज्या भनीचं. कालपास्नं आवाज न्हाय. दुधालाबी उठवावं लागतंय."

बोटं उलटी करून मी हाताची पाठ तिच्या पोटाला लावली. गार होतं. तळपाय त्याहून गार. आई म्हणाली, "थंडीचं दिस हायत, गार लागायचंच." थंडी होतीच, पण पोर दुपट्यात, टोपड्यात, शेगडीशेजारी होती. तिच्या ओठाला बोट लावलं तर तिनं तोंडही वळवलं नाही. आणि छाती भराभरा वरखाली होत होती.

गावात फोनला रेंज मिळायची ती खळ्याच्या वरच्या बांधावर. धुक्यात उभं राहून मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी 'हॅलो' म्हटलं नाही.

"जांबोटी, मागं रडायचा आवाज न्हाय येत. पाव्हणं जेवलं का?"

"न्हाय. पोट गार हाय. श्वास जोरात चाललाय."

"दार किती वेळ उघडं हुतं?"

"दवाखान्याच्या कागदावर लिवलंय, वाटंत गाडीत पाणी गेलं म्हणून."

"कागूद ऱ्हाऊ दे. भनीला विचार. एकटीला गाठ, आणि नर्स म्हणून विचारू नगंस. भन म्हणून विचार."

मी बायकांना बाहेर काढलं. बहिणीच्या उशाशी बसले, तिचे केस मागे सारले आणि विचारलं. ती आधी भिंतीकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच पाणी झिरपत होतं. घरातली सगळी खळ्यावर, मळणीला माणसं सांगितलेली. आपल्यापायी सगळं थांबेल म्हणून ती बोलली नाही. रात्री कपडे बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी कळा आल्या तेव्हा कुठं सांगितलं. दवाखान्यात रागावतील म्हणून तिथं म्हणाली, आत्ताच गेलं. "माजं चुकलं का गं आक्का?" तिनं विचारलं. मी तिला पोटाशी धरलं.

मी पुन्हा बांधावर जाऊन फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "माज्याकडं यायचं न्हाय, लांब पडतंय. सरळ बेळगाव. मी तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवतो. पाव्हण्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरनं शाल. आत्ता निघा."

पण दारात माझी आई आडवी उभी राहिली. आई कधी कुणाला आडवी गेलेली नव्हती. "पाचवीच्या दिशी लेकरू उंबऱ्याभाईर काढत न्हाईत. सटवाई आली आणि पाट मोकळा दिसला तर? बिनलिवल्या कपाळाचं लेकरू व्हय?" मी चिडून काहीतरी बोलणार होते. पण तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भीती होती. माझ्यासारखीच, फक्त वेगळ्या गोष्टीची. मी तिला हाताला धरून बांधावर नेलं आणि फोन तिच्या कानाला लावला.

डॉक्टर काय बोलले ते मला ऐकू येत होतं. "आक्का, तुमचं बरूबर हाय. लिवून झाल्याबिगर कसं चालंल? पण सटवाई बेळगावलाबी येती. तिथं एवढी लेकरं जन्मतात, ती काय कोऱ्या कपाळानं हिंडतात? मी स्वता दारात बसतो आणि तिला पत्ता दावतो. फकस्त आत सोडायच्या आधी हात धुवायला लावतो, तेवढं तिला वाईट वाटून घिऊ नगं म्हणा."

आईनं डोळे पुसले आणि गाडीवाल्याला हाक मारली.

आम्ही बेळगावला पोचलो. पोरीला आत नेलं, रक्त घेतलं, सलाइन लागलं. जंतू रक्तात शिरला होता. उद्यापर्यंत घरी ठेवली असती तर बोलायला नको, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. बहीण काचेला कपाळ टेकून उभी राहिली. दिवस कलला तेव्हा व्हरांड्याच्या टोकाकडून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेली एक ओळखीची आकृती येताना दिसली. दोन्ही हात वर धरलेले, कोपरातून पाणी ठिबकत होतं. निपाणीहून बसनं आले होते.

ते आत गेले नाहीत. "आत आता त्यांचं राज्य. मी कशाला आणखी दोन हात न्यायचं?" म्हणाले. दाराबाहेरच्या बाकावर बसले. खिशातून औषधं लिहायचा एक कोरा कागद काढला, शेजारी ठेवला, त्यावर आपलं पेन ठेवलं, आणि आईला म्हणाले, "बसा आक्का. आता तिची वाट बघू." आई जमिनीवर बसली. येणारेजाणारे त्या कागदाकडे आणि पेनाकडे बघत जायचे. एका वॉर्डबॉयनं पेन उचलायचा प्रयत्न केला तर डॉक्टरांनी त्याच्या हातावर चापट मारली. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा ते उठले. आईनं हलकेच विचारलं, "लिवलं का वो तिनं?"

डॉक्टरांनी कागद उजेडात धरून नीट पाहिला. "लिवलंय की. पण वाचता येत न्हाय. तिचं अक्षर डॉक्टरचं हाय."

आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. तो कागद तिनं पदराच्या गाठीत बांधला, आणि अजून तो देव्हाऱ्यात आहे.

पुढचे काही दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. पोर तशीच पडून असायची, गुणी. डॉक्टर जमेल तेव्हा यायचे, बाकावर ताठ बसायचे, कान दाराकडे. त्यांना इतका वेळ जागं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग एका सकाळी आत नर्स सलाइनची सुई बदलत होती आणि दारातून एक बारीक, किरटा, संतापलेला आवाज आला. थांबला, पुन्हा आला, मोठा झाला. बहीण माझ्याकडे बघून रडायला लागली. मी डॉक्टरांना सांगायला वळले, तर त्यांची मान भिंतीला टेकलेली, पाय लांब झालेले आणि तोंड उघडं. भर व्हरांड्यात घोरत होते.

"ह्यो डॉक्टर हितं झोपाय आलता व्हय?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "झोपू दे त्यास्नी."

पोरीचं बारशाचं नाव वेगळं आहे, पण घरी तिला आम्ही पाव्हणीच म्हणतो. आता शाळेत जाते आणि तिच्या तोंडाचा पट्टा एक मिनिट बंद नसतो. बाईंच्या तक्रारी येतात. डॉक्टरांना मी त्या तक्रारी फोनवर वाचून दाखवायची, आणि ते म्हणायचे, "आणखी एकदा सांग."

अलीकडे ते थकले. दवाखाना बंद झाला, बोरगावबाई लेकाकडे गेल्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आता घरीच सुखानं राहू द्या म्हणून सांगितलं आणि मुलानं त्यांना घरी आणलं. कळलं तशी मी पाव्हणीला घेऊन निपाणीला गेले. बसमध्ये तिला बजावलं, तिथं बडबड करायची नाही, आजोबांना त्रास होईल.

दारातलं बेसिन अजून होतं. आम्ही दोघींनी हात धुतले, वर धरून वाळवले. आतल्या खोलीत तोच हिरवट उजेड. पडदे ओढलेले, लांबवर हायवे. दिवसभराला ठेवलेली बाई हळू आवाजात म्हणाली, "लई गुणी हायत आजोबा. कायबी मागत न्हाईत. सकाळपास्नं जेवणबी नगं म्हणत्यात."

माझे पाय तिथंच थांबले. पुढे होऊन बोटं उलटी केली आणि हाताची पाठ त्यांच्या तळपायाला लावली. गार होता. इतक्या वर्षांची सवय. मी लगेच फोन काढायला पर्समध्ये हात घातला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"जांबोटी. कुणाला फोन लावतीस? मी तर हितं हाय."

फोन माझ्या हातात तसाच राहिला.

"ठेव त्यो. येणाऱ्या पाव्हण्यासाठनं धावायचं असतंय. जाणाऱ्याला दारापतोर सोडायला यायचं, बस." मग त्यांनी नजर वळवली. पाव्हणी माझ्या मागं, ओठ घट्ट मिटून, शहाण्यासारखी उभी होती. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही का गप हाय?"

"मी गप बस म्हटलंय तिला."

"हिकडं ये गं. हात धुतलंस का?"

"व्हय, आजोबा."

"मग धर."

तिनं दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले. "केवढे गार आहेत," ती म्हणाली, आणि चोळायला लागली. चोळता चोळता तिचं तोंड सुटलं. शाळेतली भांडणं, कन्नडच्या बाईंची छत्री, म्हशीला झालेलं रेडकू, एकात एक, मोठ्यानं. ठेवलेली बाई तिला गप करायला पुढं आली. डॉक्टरांनी पाय जरा लांब केले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचं तोंड उघडलं आणि ते ओळखीचं घोरणं सुरू झालं.

मी त्या बाईचा हात धरून तिला थांबवलं. पाव्हणीला मी गप बस म्हणाले नाही.